माजी विद्यार्थ्यांचा सेवागौरव सुरू करायचा आहे : निवड, पडताळणी, मानपत्र, फलक कसं करावं?

फळाखडू

नमस्कार मंडळी,

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी संघाने दरवर्षी समाजासाठी झटणाऱ्या माजी विद्यार्थ्यांचा गौरव करायचा ठराव केला आहे. ठराव एकमताने झाला. त्यानंतर कशावरच एकमत झालेलं नाही. अडलेले मुद्दे असे :

१. समाजसेवा कशाला म्हणायचं? एक गट म्हणतो, मोठ्या हुद्द्यावर पोचलेले सगळेच घ्या. दुसरा म्हणतो, पगार घेऊन केलेलं काम ही सेवा कशी?
२. नावं कुठून आणायची? ग्रुपवर विचारलं की फिरून फिरून तीच चार नावं येतात.
३. गुण द्यायचे की चर्चेने ठरवायचं?
४. शाळेला मोठी देणगी देणाऱ्यांचं काय? (हा सगळ्यात नाजूक.)
५. दिवंगतांना द्यावा का? आणि सन्मान दिल्यानंतर एखाद्याचं नाव भलत्याच कारणाने गाजलं तर?
६. मानपत्र, फलक, कार्यक्रम यांत नेहमी काय चुकतं?

कार्यक्रमाला साधारण आठ महिने आहेत. नियमावलीचा कच्चा मसुदा करायचाय, त्यामुळे आकडे, मुदती, अटी अशा स्वरूपात सांगितलंत तर फार बरं होईल.

---

मागचा बाक

पहिल्या मुद्द्यावरच थांबा, कारण तो नीट सुटला तर बाकीचे निम्मे आपोआप सुटतात.

कर्तृत्व आणि सेवा यांचे दोन वेगळे पुरस्कार ठेवा, किंवा एकच ठेवायचा तर तो सेवेचाच आहे हे नियमात पहिल्या ओळीत लिहा. दोन्ही एका पिशवीत घातले की दरवर्षी हुद्दा जिंकतो. हुद्दा एका ओळीत सांगता येतो आणि सेवा समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात. समितीकडे तेवढा वेळ कधीच नसतो.

पगाराच्या कामाबद्दल सरळ कसोटी : नेमून दिलेलं काम उत्तम करणं हे कर्तृत्व. त्याच्या पलीकडे, करायला कोणी सांगितलेलं नसताना, स्वतःचा वेळ किंवा जोखीम घालून केलं ती सेवा. परिचारिकेने पाळीत रुग्ण पाहिले हे तिचं काम आहे. त्याच परिचारिकेने पाळी संपल्यावर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरच्यांना जखमेची निगा कशी राखायची ते वर्षानुवर्षं शिकवलं, तर ते या पुरस्कारात बसतं. पूर्णवेळ संस्थेत मानधनावर काम करणाऱ्यांनाही वगळू नका. पगार घेतला का, हा प्रश्न नाही. त्या जागेवर दुसरं कोणी असतं तर एवढंच काम झालं असतं का, हे विचारा.

पात्रतेच्या अटी, जशाच्या तशा उचलता येतील अशा :

माजी विद्यार्थी म्हणजे शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये किमान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष नाव असलेली व्यक्ती. शालान्त परीक्षा उत्तीर्ण ही अट घालू नका. नववीत शाळा सुटलेली माणसं या एका वाक्याने बाहेर पडतात, आणि सेवेच्या पुरस्कारात तर ती हमखास हवीत.

शाळा सोडून किमान १० वर्षं. सेवाकार्य किमान ५ वर्षं सलग चालू, किंवा एखाद्या आपत्तीत केलेलं असाधारण काम. हा अपवाद वेगळा लिहा, नाहीतर दरवर्षी कोणीतरी तो ताणतो.

समाज म्हणजे शाळेच्या परिसरातलाच की कुठलाही, हे आत्ताच ठरवा. दोन्ही चालतं. पण न ठरवता नामांकनं मागवली तर शेवटच्या बैठकीत "तो तर आता तिकडेच असतो" म्हणून चांगलं नाव कापलं जातं.

अपात्र : निवड समितीचे व संघाच्या कार्यकारिणीचे विद्यमान सदस्य, त्यांचे जोडीदार, आईवडील, मुलं, भावंडं, शाळेचे विद्यमान विश्वस्त, सध्या राजकीय पदावर असलेली किंवा येत्या निवडणुकीत उभी राहणारी व्यक्ती. पद सुटल्यावर दोन वर्षांनी त्यांचा विचार करा.

देणगीदारांसाठी वेगळी पाटी आणि वेगळा दिवस. त्याच मंचावर आधी देणगीचा धनादेश आणि मग सेवागौरव असा क्रम लागला की बघणाऱ्याच्या मनात हिशेब जुळतो, तुम्ही कितीही स्वच्छ असलात तरी. देणगी दिलेली व्यक्ती खरोखरच सेवेच्या निकषात बसत असेल तर देणगीच्या तारखेपासून ३ वर्षांनंतर नामांकन चालेल असं कलम टाका. कोणी विचारलं तर नियमाकडे बोट दाखवता येतं. अध्यक्षांवर वेळ येत नाही.

---

हजेरीपट

नावं शोधण्याबद्दल लिहितो. निकष कितीही चोख असले तरी नामांकनाची पेटी उघडी ठेवून वाट बघणाऱ्या समितीकडे प्रसिद्ध माणसंच येतात. ज्याच्यामागे संस्था आहे, छायाचित्रकार आहे, कात्रणांची फाइल तयार आहे, त्याचा अर्ज पहिल्या आठवड्यात पोचतो. शोधायला समितीनेच बाहेर पडावं लागतं.

प्रत्येक तुकडीमागे, म्हणजे शाळा सोडल्याच्या प्रत्येक वर्षामागे, दोन संपर्क व्यक्ती नेमा. मुलामुलींची शाळा असेल तर एक पुरुष, एक स्त्री. त्यांना "कोणी समाजसेवक माहीत आहे का?" असं विचारायला लावू नका, त्याला उत्तर येत नाही. असे प्रश्न द्या : तुमच्या वर्गातलं कोण अजून दुसऱ्यांच्या मुलांना शिकवतं? रात्रीबेरात्री मदत लागली तर वस्तीतले लोक कोणाचं दार ठोठावतात? रक्तदात्यांची यादी कोणाकडे असते? कोणाच्या मागे लागून पाण्याचं, रस्त्याचं, दाखल्याचं काम होतं? या प्रश्नांना नावं येतात, आणि ती ग्रुपवरच्या चार नावांहून वेगळी असतात.

शाळेबाहेरही विचारा. जवळचा दवाखाना, ग्रंथालय, अंगणवाडी, पाळणाघर, दिव्यांगांची शाळा. तिथे राबणाऱ्या माणसांची यादी मागायची आणि ती रजिस्टरशी ताडून बघायची. उलट्या दिशेचा हा शोध जास्त फळतो, कारण आपण समाजसेवा करतो असं त्या माणसांच्या डोक्यातही नसतं.

आता रजिस्टरची गंमत. लग्नानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनी जुन्या नावाने नोंदलेल्या असतात. नामांकन आजच्या नावाने येतं, रजिस्टरमध्ये ते सापडत नाही आणि कारकून "नोंद नाही" असा शेरा मारून मोकळा होतो. विजेत्यांच्या यादीत बायका कमी दिसण्याचं हे एक अगदी कोरडं, कारकुनी कारण आहे. अर्जात "शाळेत असतानाचं पूर्ण नाव" हा स्वतंत्र रकाना ठेवा आणि सोबत जन्मतारीख व शाळा सोडल्याचं अंदाजे वर्ष घ्या. तिन्हींपैकी दोन जुळलं की हाताने शोधायचं, यंत्राने नाही.

अर्ज दोन पानांचा, त्याहून मोठा नको. काम काय, कुठे, कधीपासून, कोणासाठी, त्याने काय बदललं, सोबत आणखी कोण होतं; सगळं मिळून ५०० शब्द. दोन संदर्भ व्यक्ती, नात्यातल्या नसलेल्या, त्यांतली किमान एक त्या कामाचा लाभ झालेली. कात्रणं, प्रमाणपत्रं जास्तीत जास्त तीन. ही मर्यादा घातली नाही तर जाड फाइल पातळ फाइलला हरवते. ज्यांना लिहिता येत नाही किंवा लिहायचं नाही अशांसाठी फोनवरून नामांकन घ्या. समितीतल्या कोणीतरी ऐकून अर्ज भरायचा आणि वाचून दाखवायचा.

स्वतःचं नाव स्वतः सुचवायला मनाई करा. नोबेलच्या नियमांतही स्वतःचं नामांकन ग्राह्य धरत नाहीत.

---

फळाखडू

मागचा बाक, हजेरीपट, दोघांचेही आभार. देणगीचं तीन वर्षांचं कलम तर लगेच उचललं.

हजेरीपट, पडताळणी किती खोल करायची? आमच्यातल्या काहींना वाटतं की सन्मान द्यायचाय, चौकशी कसली लावताय. समोरच्याला अपमान वाटेल म्हणतात.

---

हजेरीपट

चौकशी सन्माननीय व्यक्तीची करायची नसते, अर्जात लिहिलेल्या विधानांची करायची असते. हे संदर्भ व्यक्तींना पहिल्याच वाक्यात सांगितलं की कोणी दुखावत नाही.

सगळ्या अर्जांची पडताळणी करू नका, दमछाक होईल. आधी पात्रतेची चाळणी लावा, मग ५ किंवा ६ नावांची छोटी यादी. फक्त त्यांच्यासाठी हे करा :

दोन सदस्यांनी मिळून संदर्भ व्यक्तींशी बोलायचं, सगळ्यांना तेच प्रश्न, उत्तरं तिथल्या तिथे लिहून घ्यायची. एकट्याने गेलं की ऐकणाऱ्याचं मत अहवालात उतरतं.

कामाच्या जागी एक भेट, काम चालू असताना. रविवारचा वर्ग असेल तर रविवारीच जा. उद्घाटनाच्या दिवशी गेलात तर उद्घाटन दिसेल.

आकडे दिले असतील तर त्यांचा उगम विचारा. "५००० झाडं लावली" म्हणजे रोपं लावली की आज उभी आहेत? हजार मुलांना शिकवलं म्हणजे हजार वेगवेगळी मुलं, की चाळीस मुलं पंचवीस वेळा? संस्था असेल तर लेखापरीक्षण झालेला अलीकडचा ताळेबंद मागा.

स्वतःचा वाटा वेगळा काढा. दहा जणांनी उभं केलेलं काम बोलक्या माणसाच्या नावावर जमा होतं. प्रत्येक संदर्भ व्यक्तीला विचारायचं की ही व्यक्ती वर्षभर बाहेरगावी गेली तर कामाचं काय होईल? "बंद पडेल" आणि "काही फरक नाही" ही दोन्ही उत्तरं बरंच काही सांगतात. "बाकीचे चालवतील, त्यांना तयार केलंय" हे सगळ्यात चांगलं उत्तर.

आणि शेवटी एक प्रश्न, जो विचारायला जीभ अडखळते : यांना सन्मान दिला तर कोणाला वाईट वाटेल, आणि का? मत्सर असेल तर तो बोलण्यातून लगेच कळतो. पैशांची तक्रार, मुलांच्या किंवा स्त्रियांच्या सुरक्षिततेबद्दलची तक्रार असेल तर ती इथेच बाहेर येते, मंचावर नाही. मुलांसोबत काम करणाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न कुठल्याही कारणाने गाळू नका.

नाव जाहीर करण्याआधी त्या व्यक्तीची लेखी संमती घ्या. काहींना प्रसिद्धी नकोच असते. काहींचं काम असं असतं की फोटो छापला तर कामावर किंवा जिवावर बेतू शकतं. घरातल्या हिंसेतून बाहेर पडलेल्यांना आसरा देणारी व्यक्ती हे एक उदाहरण. लाभार्थ्यांची नावं, विशेषतः मुलांचे चेहरे, कुठेच छापू नका. "त्यांनी परवानगी दिली होती" हे उपकाराखाली दबलेल्या माणसाच्या बाबतीत फारसं खरं नसतं.

---

गणिताचा तास

गुण द्यायचे की नाही, यावर. गुण द्या, पण त्यांची बेरीज करून निकाल लावू नका.

कारण बघा. तीन परीक्षक, दोन उमेदवार, १०० पैकी गुण :

पहिला परीक्षक : क ला ७०, ख ला ७२
दुसरा परीक्षक : क ला ६८, ख ला ७१
तिसरा परीक्षक : क ला ९५, ख ला ४०

बेरीज : क २३३, ख १८३. क मोठ्या फरकाने जिंकला. पण तिघांपैकी दोघांना ख उजवा वाटला होता! तिसऱ्याने गुणांची पट्टी टोकापासून टोकापर्यंत वापरली, बाकीच्यांनी मधल्या मध्ये, म्हणून त्याच्या एका मताचं वजन दोघांहून जास्त झालं. यात लबाडी असेलच असं नाही, काहींचा हात मुळातच सढळ नि कडक दोन्ही असतो.

उपाय : प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून त्याचा क्रम लावा आणि क्रमांकांची बेरीज करा. क : २+२+१ = ५. ख : १+१+२ = ४. कमी बेरीज पुढे, म्हणजे ख. फ्रेंच गणितज्ञ बोर्दा यांनी १७७० मध्ये मांडलेल्या मतदान पद्धतीचंच हे घरगुती रूप. तिच्यातली खोट अशी की यादीत न जिंकणारी नावं भरून वरचा क्रम हलवता येतो. दोन तगड्या उमेदवारांपैकी नावडत्याला मुद्दाम तळाशी ढकलायला जागा मिळते. म्हणून क्रम लावायची यादी ५-६ नावांचीच हवी, आणि ती आधी गोठवलेली.

पण गुणपत्रिका फेकून देऊ नका. ज्या नावावर सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुणांत २० हून अधिक फरक आहे, तिथे दोन्ही टोकांच्या परीक्षकांनी कारण सांगायचं, मग सगळ्यांनी हवे तर गुण बदलायचे, आणि त्यानंतरच क्रम लावायचा. वरच्या उदाहरणात तिसऱ्या परीक्षकाला ख बद्दल काहीतरी माहीत असू शकतं जे इतरांना नाही. ते ऐकून घ्यायची हीच वेळ.

गुणांची विभागणी मी अशी सुचवेन : कामाची खोली आणि परिणाम ३०, सातत्य २०, स्वतःचा वाटा २०, अडचणी आणि साधनांची कमतरता १५, इतरांना सोबत घेऊन काम पुढे टिकेल अशी सोय १५. लाभार्थ्यांची संख्या हा स्वतंत्र निकष ठेवू नका. ठेवलात तर शंभर जणांना वह्या वाटणारा माणूस तीन मतिमंद मुलांना पायावर उभं करणाऱ्याला दरवेळी मागे टाकेल.

परीक्षक ५. दोन माजी विद्यार्थी वेगवेगळ्या दशकांतले, एक आजी किंवा माजी शिक्षक, दोन शाळेशी संबंध नसलेले पण सामाजिक काम आतून जाणणारे. दरवर्षी दोन बदलायचे, म्हणजे अनुभवही राहतो आणि कंपूही होत नाही. उमेदवार ओळखीचा असेल तर परीक्षकाने तसं लिहून द्यायचं. नातं, व्यवहार किंवा जवळची मैत्री असेल तर त्या नावाच्या चर्चेच्या वेळी खोलीबाहेर जायचं. नुसतं गप्प बसणं पुरत नाही, समोर बसलेल्या माणसाच्या मित्राबद्दल कोणी मोकळं बोलत नाही. त्या परीक्षकाने त्या वर्षी क्रमच लावायचा नाही हे त्याहून बरं, कारण एकच नाव सोडून क्रम लावला की बेरीज बिघडते.

बरोबरी झाली तर काय, हे आधीच लिहा. "सातत्याचे गुण जास्त तो पुढे" एवढं पुरे. दोघांनाही देऊन टाकू, हा मार्ग उघडा ठेवलात तर तिसऱ्या वर्षी पाच जण मंचावर असतील.

---

मागचा बाक

गणिताचा तास यांच्याशी सहमत, एक भर घालतो. "या वर्षी कोणालाही नाही" हा पर्याय नियमात हवा. किमान पात्रता गुण ठेवा, उदाहरणार्थ पाचांपैकी चार परीक्षकांनी ६० किंवा अधिक दिलेले असले पाहिजेत. नाहीतर दुबळ्या वर्षी क्रमात पहिला आला एवढ्यावर माणूस निवडला जातो.

दिवंगतांबद्दल. नोबेलने १९७४ पासून मरणोत्तर पुरस्कार बंद केले; घोषणेनंतर मृत्यू झाला तरच तो देतात. २०११ मध्ये वैद्यकशास्त्रातले संशोधक राल्फ स्टाइनमन यांच्याबाबत तर घोषणेच्या तीनच दिवस आधी ते गेल्याचं निवड करणाऱ्यांना माहीत नव्हतं, आणि पुरस्कार कायम ठेवावा लागला. शाळेने तेवढं कडक व्हायचं कारण नाही, पण दोन रांगा वेगळ्या ठेवा. वार्षिक गौरव हयात व्यक्तींना. दिवंगतांसाठी दर पाच वर्षांनी एक स्मरणयादी, वेगळ्या फलकावर. एकत्र ठेवलं की भावनेपुढे हयात माणूस नेहमी मागे पडतो, आणि ज्याला आज पाठबळ मिळायला हवं त्याला ते मिळत नाही. स्मरणयादीसाठी कुटुंबाची संमती घ्या आणि सन्मान स्वीकारायला कोण येणार ते कुटुंबालाच ठरवून लेखी कळवायला सांगा. भावाभावांत वाद असतात.

स्टाइनमन प्रकरणातून घ्यायचा धडा साधा आहे : घोषणेच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन करा.

सन्मान मागे घेण्याचं कलम पहिल्याच वर्षी लिहा, कारण प्रकरण घडल्यावर लिहिलं तर ते एका माणसाविरुद्ध लिहिल्यासारखं दिसतं. त्यात चार गोष्टी : कारणं (न्यायालयात सिद्ध झालेला गंभीर गुन्हा, नामांकनातली महत्त्वाची माहिती खोटी निघणं), निर्णय कोणाचा (कार्यकारिणी, दोन तृतीयांश बहुमत), बाजू मांडायला ३० दिवस, आणि नोंद कशी राहील. फलकावरून नाव काढा, पण संघाच्या दप्तरात "अमुक दिनांकाला मागे घेतला" अशी नोंद राहू द्या. नुसत्या आरोपावर कारवाई नाही. खटला चालू असेल तोवर संकेतस्थळावरचा परिचय बाजूला ठेवता येतो.

---

वेलांटी

मानपत्र आणि फलकावर लिहिते. सगळं वर्षभराचं कष्टाचं काम इथे एका काना-मात्रेने नासतं.

मजकूर आधी. १२० ते १५० शब्द, म्हणजे सावकाश वाचून साधारण सव्वा ते दीड मिनिट. "थोर समाजसेवक, दानशूर, कर्तव्यतत्पर, मनमिळाऊ" ही माळ काढून टाका. ती कोणालाही बसते. क्रियापदं लिहा. नमुना : "शाळा सुटल्यावर वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवणारा वर्ग त्यांनी सलग १४ वर्षं चालवला. आज तो वर्ग तिथेच शिकलेल्या तिघी जणी चालवतात." दोन वाक्यांत काम, काळ आणि पुढची पिढी तिन्ही आलं. विशेषण एकही नाही. मजकूर पडताळणीच्या अहवालावरूनच लिहा, अर्जावरून नाही, म्हणजे मंचावरून खोटा आकडा वाचला जात नाही. तयार मजकूर त्या व्यक्तीला आधी दाखवा. अचानक आनंद द्यायचा मोह होतो, पण कधीकधी त्यांना एखादा तपशील जाहीर व्हायला नको असतो आणि बहुतेक वेळा सोबत्यांची नावं घालायची असतात.

नाव कसं लिहायचं ते त्यांच्याच हस्ताक्षरात मागवा. सामंत की सावंत, दीपा की दिपा, सुनीता की सुनिता, वडिलांचं नाव मध्ये हवं की आईचं की कोणाचंच नको. शुद्धलेखनाचा नियम विशेषनामाला लावू नका, ते लिहितील तेच खरं.

आता छपाई. तुम्ही मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंकेतात, टंकलेला असतो. कोरीवकाम आणि स्मृतिचिन्हं करणाऱ्या बऱ्याच ठिकाणी यंत्राचं जुनं सॉफ्टवेअर युनिकोड नसलेल्या फॉन्टवर चालतं. तिथे मजकूर रूपांतरित होतो किंवा कोणीतरी पुन्हा टंकतो, आणि ठरावीक जागी घाण होते. पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकते, कारण जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टंकली जाते. रफार एक घर पुढे किंवा मागे जातो. "करणाऱ्या"चं "करणार्या" होतं. हे तर इतकं सर्रास आहे की तपासणाऱ्याच्या डोळ्यालाही खटकत नाही. ज्ञ, क्ष, श्र, ट्ट, द्ध, ह्म, हृ ही जोडाक्षरं फुटतात किंवा पायमोडकी उमटतात. शिवाय फॉन्ट हिंदी वळणाचा असला की ल आणि श वेगळ्या आकाराचे येतात. चूक नव्हे, पण मराठी मानपत्रावर परके वाटतात.

यावर खात्रीचा मार्ग एकच : मजकूर तुमच्याकडेच शेवटच्या मांडणीत लावून, अक्षरांच्या बाह्यरेषा करून पीडीएफ द्या. दुकानदाराच्या भाषेत "कर्व्हमध्ये करून" द्या. मग तिकडे फॉन्ट असो नसो, अक्षर हलत नाही. तरी कोरण्याआधी कागदी नमुना मागवा आणि ज्याने मजकूर लिहिला नाही अशा दोघांकडून तपासून घ्या. एकाने उलट्या क्रमाने, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे वाचायचं. अर्थाच्या ओघात सुटलेली चूक त्यात पकडली जाते. फोनच्या पडद्यावर बघून "ओके" कळवू नका.

छायाचित्र ८ बाय १० इंचांत छापायचं तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेली प्रत दाबून लहान झालेली असते. "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगा.

फलक. वाचायच्या अंतराचा ढोबळ हिशेब : २५ मिलिमीटर उंचीचं अक्षर ३ मीटरवरून आरामात वाचता येतं. जिन्याच्या भिंतीवर उंच लावणार असाल तर ६ मीटर धरून ५० मिलिमीटर करा. देवनागरीत वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार-ऋकार असल्याने दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या उंचीच्या किमान दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. पितळ देखणं दिसतं, पण वरचा लाखेचा थर गेला की काळवंडतं आणि पुसायला कोणी नसतं. बाहेर लावायचा तर कोरून रंग भरलेलं स्टेनलेस स्टील. समुद्राजवळ ३०४ प्रतीवर तांबूस डाग येतात, तिथे ३१६ घ्या. छापील अॅक्रिलिक फक्त आतल्या, ऊन न येणाऱ्या भिंतीवर.

आणि एकसंध फलक करू नका. मूळ पाटीवर शीर्षक, खाली स्क्रूने बसणाऱ्या सुट्या नावपट्ट्या. वर्षाला दोन नावं धरली तर २५ वर्षांच्या ५० पट्ट्यांची जागा आजच आखून ठेवा. नाव दुरुस्त करायचं असो, मागे घ्यायचं असो, पट्टी बदलली की झालं.

---

तिसरी घंटा

कार्यक्रमाचं थोडक्यात.

तीन जणांपेक्षा जास्त नकोत. एका व्यक्तीला मानपत्रवाचन दीड मिनिट, प्रदान दोन, मनोगत सात, म्हणजे साडेदहा. तिघांचे साधारण ३२. प्रास्ताविक ५, निवड कशी झाली हे सांगायला ५, पाहुणे १०, आभार २. तासाच्या आत बसतं, गळतीला १५ मिनिटं धरा. पाहुण्यांचं भाषण मनोगतांच्या आधी ठेवा. शेवटी ठेवलं तर ते लांबतं आणि मधल्या काळात मनोगतांना "जरा आवरतं घ्या"ची चिठ्ठी जाते. ज्यांच्यासाठी कार्यक्रम त्यांनाच चिठ्ठी! पाहुणा नसला तरी काही अडत नाही, हे माझं मत.

पायऱ्या चढायला त्रास होणारं कोणी असेल तर आधी विचारून ठेवा आणि मंचाच्या खाली, सभागृहाच्या पातळीवरच प्रदान करा, सगळ्यांचंच. एकासाठी खाली उतरलात तर तो ओशाळतो.

प्रवास आणि राहण्याचा खर्च संघाचा. सोबत येणाऱ्या एका व्यक्तीचाही. स्मरणिकेसाठी जाहिरात किंवा देणगी त्या वर्षीच्या सन्माननीयांकडे चुकूनही मागू नका. जाहिरात गोळा करणाऱ्याच्या हातातल्या यादीतून त्यांची नावं आधीच खोडून ठेवा, कारण त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

खरा उपयोग दुसऱ्या सत्रात आहे. सभेच्या आधी किंवा नंतर प्रत्येक सन्माननीय व्यक्तीला आठवी-नववीच्या एका वर्गात, ३० ते ४० मुलांसमोर, ४० मिनिटं द्या. भाषण नाही, मुलांनी आधी लिहून आणलेले प्रश्न. वर्गशिक्षकांनी आठवडाभर आधी कामाची माहिती मुलांना द्यायची, नाहीतर "तुमचा आवडता विषय कोणता?" याच्या पुढे गाडी जात नाही. काम कंटाळवाणं कधी वाटतं, पैसे कुठून येतात, घरचे काय म्हणतात, हे मुलं विचारतात आणि उत्तरंही सभेतल्यापेक्षा खरी येतात.

---

फळाखडू

वेलांटी, तुमचं उत्तर छापून समितीच्या हातात देणार आहे. शेवटचा प्रश्न : आठ महिन्यांत हे सगळं बसेल का? आणि निवड न झालेल्यांचं काय करायचं?

---

मागचा बाक

बसेल, पण उलट मोजा. आठ महिने म्हणजे साधारण ३४ आठवडे. कार्यक्रमाआधी ३० व्या आठवड्यापर्यंत नियमावली मंजूर. २८ ते १८, म्हणजे दहा आठवडे, नामांकनं आणि शोध. मुदत कमी केलीत तर हजेरीपट म्हणतात ती दारोदारची चौकशी होत नाही. १८ ते १६ पात्रता आणि छोटी यादी. १६ ते १० पडताळणी. दहाव्या आठवड्यात परीक्षकांची बैठक, आठव्यात संमती, सहाव्यात घोषणा. मानपत्राचा मजकूर पाचव्यात अंतिम, कागदी नमुना चौथ्यात. पडताळणीचे सहा आठवडे कापायचा मोह होईल. कापायचेच तर घोषणेनंतरच्या दिवसांतले कापा.

निवड न झालेलं नामांकन बाद करू नका. ते पुढची दोन वर्षं आपोआप विचारात राहील असा नियम ठेवा. सुचवणाऱ्याने दरवर्षी फक्त नवीन काही असेल तर एक पान जोडायचं. यादीतल्या व्यक्तींना काही कळवू नका, बहुतेकांना आपलं नाव सुचवलं गेलंय हेच माहीत नसतं. कळवायचं सुचवणाऱ्याला : अर्ज मिळाला, वाचला, पुढील वर्षी विचारात आहे. घोषणेच्या आदल्या दिवशी हे पत्र गेलं पाहिजे, नंतर नाही. अर्ज, गुणपत्रिका आणि पडताळणीच्या नोंदी कुलपात. त्या कोण बघू शकतं ते लिहून ठेवा. नोबेलची नामांकनं ५० वर्षं उघड करत नाहीत, तुम्हाला दहा पुरतील. पण ग्रुपवर एकही गुणपत्रिका जाता कामा नये, आणि ती फोटो काढूनच जाते, म्हणून बैठकीत गुणपत्रिका कागदावर द्या नि उठताना मोजून परत घ्या.